वाचकांचे प्रश्न : गव्हाणी अजून रिकामी आहे

नाताळच्या अंकासाठी या वेळी भरपूर पत्रं आली. त्यातली निम्मी ख्रिस्ती नसलेल्या वाचकांची आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. मी ठाण्याची, ईस्ट इंडियन कॅथलिक. माझा बाप्तिस्मा आणि लग्न, दोन्ही तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये झालं. ३४ वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. निवृत्त झाल्यापासून पॅरिशमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. फादरांकडून ऐकलेलं, बायबलात वाचलेलं आणि लेबर रूममध्ये पाहिलेलं, या तीन शिदोऱ्यांवर मी उत्तरं देते.

प्रश्न : ‘आगमन’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे गणपतीचा आगमन सोहळा येतो. शेजारच्या ख्रिस्ती काकू परवा म्हणाल्या, “आमचा आगमनकाळ सुरू झाला, नाताळ अजून लांब आहे.” पण मॉलमध्ये तर नोव्हेंबरातच झाड उभं राहिलं, गाणी लागली. मग हा आगमनकाळ वेगळा काय असतो?
— एक गृहिणी, कोपरखैरणे

ताई, तुम्ही शब्द अगदी योग्य जागी नेऊन ठेवलात. चतुर्थीच्या आधी तुमच्या घरी काय चालतं ते आठवा. माळे झाडले जातात, भांडी घासून निघतात, कोण कुठे बसणार ते ठरतं. घराला कुणाची तरी ओढ लागलेली असते. आमचे हे चार आठवडे तसेच. गणपती आणायला मात्र तुम्ही कारखान्यापर्यंत जाता आणि वाजतगाजत त्याला घरी आणता. आगमनकाळात आम्ही घरीच असतो आणि तो आमच्याकडे यायला निघालेला असतो.

लॅटिनमध्ये ‘आदव्हेंतुस’ म्हणजे येणं. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतो. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. यंदा, २०२५ साली, पहिला रविवार नेमका ३० नोव्हेंबरलाच आला, म्हणून दिवस भरले २५. पण एखाद्या वर्षी २२ च भरतात, एखाद्या वर्षी २८. मला हे फार आवडतं. आम्ही गरोदर बाईला तारीख देत असू, चाळीस आठवड्यांचा हिशेब करून. पण नेमकं त्या तारखेला येणारं बाळ विरळाच. तारीख दिलेली असली तरी वाट पाहावीच लागते.

या दिवसांत फादर जांभळी वस्त्रं घालतात. वेदीवरची फुलं कमी होतात. रविवारच्या मिस्सामधलं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं, ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ हे गीत थांबतं. ते देवदूतांनी मेंढपाळांसमोर गायलेलं जन्मरात्रीचं गीत आहे, म्हणून ते त्या रात्रीसाठी राखून ठेवतात. चारही रविवारी न गायलेलं गीत नाताळच्या मिस्सात घंटांबरोबर सुरू होतं, तेव्हा माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती लोकांच्याही लक्षात येत नाही. १६ डिसेंबरपर्यंतची आमची वाचनं बेथलेहेमच्या बाळाबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत. ती प्रभूच्या दुसऱ्या येण्याबद्दल असतात. मॉलमध्ये सांताक्लॉज हात हलवत असतो, त्या रविवारी आम्ही चर्चमध्ये नोहाच्या दिवसांची गोष्ट ऐकतो : लोक खातपीत होते, लग्न करत होते, आणि पूर येईपर्यंत त्यांना काही कळलं नाही, म्हणून जागे राहा. बाळ येतं ते १७ तारखेपासूनच्या वाचनांत. त्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी येतो बाप्तिस्मा करणारा योहान, म्हणजे आमच्याच चर्चचा पालक संत. उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाणारा हा माणूस वाट नीट करा म्हणून ओरडत असतो. झगमगाटात त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं, असं पुष्कळांना वाटतं. लेबर रूममध्ये या, म्हणजे कळेल. बाईला कळा सुरू झाल्या की नर्सला बसायला मिळत नाही. दर अर्ध्या तासाने पोटाला नळी लावून ठोके ऐकायचे, दुपटी उबेला ठेवायची, पाणी पाजायचं, कंबर चोळायची. बाळ आपण आणू शकत नाही आणि घाईही करू शकत नाही, पण ते येईल तेव्हा सगळं तयार लागतं. आगमनकाळातली प्रार्थना, कन्फेशन, अबोला धरलेल्या दिराला केलेला फोन, ही सगळी त्या तयारीतली कामं.

मॉलमधल्या झाडावर माझा राग नाही. एवढंच की २६ तारखेला ते झाड उतरतं, तेव्हा आमचा सण नुकता सुरू झालेला असतो. यंदा तो ११ जानेवारीपर्यंत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालेल. शेजारच्या काकूंना २७ तारखेला ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणून बघा, खूश होतील.

प्रश्न : मुलीला धर्मशिक्षणाच्या वर्गात चार मेणबत्त्यांचं चक्र करून आणायला सांगितलंय. तीन जांभळ्या, एक गुलाबी. एकच गुलाबी का? आणि आमच्याकडे त्या परदेशी झाडाच्या फांद्या कुठून आणायच्या?
— दुसरीतल्या मुलीची आई, वागळे इस्टेट

फांद्यांचं आधी सांगते. आंब्याचे डहाळे आणा. हिरवं असलं की झालं. आमच्याकडे पितळी परातीत वाळू घालून त्यात मेणबत्त्या रोवतो आणि भोवती डहाळे ठेवतो. आठवड्याने पानं करपली की बदलायची.

या चक्राची सुरुवात मुलांसाठीच झाली. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लावायची. म्हणजे तुमच्या मुलीचं चक्र मुळात बैलगाडीच्या चाकासारखं. तिला तसंच सांगा, चित्र डोळ्यांसमोर उभं राहील. विखर्न प्रोटेस्टंट होते. त्यांची प्रथा पुढे आम्हा कॅथलिकांच्या घरीही आली, आणि मग मेणबत्त्यांना आमच्या वस्त्रांचे रंग लागले.

गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, यंदा १४ डिसेंबरची. त्या दिवशी मिस्साची सुरुवात प्रेषित पौलाच्या वचनाने होते : ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ पौलाने ते लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. अर्धी वाट सरली, आता दम धरा, असा तो रंग. जांभळ्यात थोडं पांढरं मिसळलं की गुलाबीकडे झुकतं, हे मुलीला रंगपेटीतून करून दाखवा.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवसच नाही, रोमन लोकांचा सूर्याचा सण चर्चने ढापला. खरं काय?
— एक विद्यार्थी, नेरूळ

बाळा, पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बायबलात जन्माची तारीख कुठेही नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण होत असल्याची सर्वांत जुनी नोंद इ. स. ३५४ च्या एका पंचांगात मिळते, आणि त्यातली यादी ३३६ सालापर्यंत मागे जाते. म्हणजे येशूनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी.

सूर्याचं म्हणशील, तर सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर बांधलं, हे खरं. त्यावरून चर्चने सूर्याच्या सणाच्या दिवशीच आपला सण ठेवला, असं काही अभ्यासक म्हणतात. दुसरे वेगळा हिशेब मांडतात. जुन्या ख्रिस्ती परंपरेत २५ मार्च हा येशूच्या मृत्यूचा दिवस मानत. त्याच दिवशी तो मरियेच्या उदरी आला, अशीही समजूत होती. त्यात नऊ महिने मिळव. एका नर्सला हा दुसरा हिशेब जवळचा वाटला तर तू समजून घेशील. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्म साजरा करतं. रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळ आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला येतो, कारण ते जुनं ज्युलियन पंचांग धरतात.

आता तुझ्या आजीआजोबांचे जन्मदाखले काढून बघ. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख ती. आजीला विचारलं की ती म्हणे, हा भाताच्या कापणीत झाला, तो शिमग्याच्या आधी. पण तारीख मास्तरांची म्हणून माझे वडील जन्मलेच नाहीत, असं आम्ही कधी म्हटलं नाही. १ जूनला घरात खीर व्हायची आणि ती वडिलांसाठीच असायची.

प्रश्न : माझे मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात आहेत. २४ तारखेला त्यांची रात्रपाळी आली आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच मिस्सा चुकणार म्हणून ते फार खट्टू झालेत. मुलंही रुसली आहेत.
— दिघ्याहून एक पत्नी

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा आणि आठवी ओवी मिस्टरांना वाचून दाखवा. मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते. त्यांची रात्रपाळीच ती! जन्माची बातमी आधी त्यांना मिळाली. यरुशलेमच्या मंदिरातल्या लोकांना नाही.

मी स्वतः ११ नाताळ ड्युटीवर काढले. बाराच्या सुमारास लांबून चर्चची घंटा ऐकू यायची आणि माझ्या हातात कुणाचं तरी ओलं, किंचाळणारं बाळ असायचं. त्या रात्रींपेक्षा मोठा मिस्सा मी पाहिलेला नाही, हे मी आमच्या फादरांनाही सांगितलं आहे. मिस्टर सकाळी घरी आले की अंघोळ करून २५ च्या सकाळच्या मिस्साला जा, तो तितकाच पूर्ण मिस्सा असतो. मुलांना सांगा, बाबा मेंढपाळांबरोबर आहेत. आणि डब्यात नाताळचे गोड कुलकुल जास्त द्या, पाळीतल्या सगळ्यांना पुरतील एवढे.

प्रश्न : सिस्टर, ऑक्टोबरमध्ये सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. आता सगळीकडे बाळ येशूची चित्रं, पाळणे, गाणी. मला चर्चमध्ये पाऊल टाकवत नाही. सासूबाई म्हणतात, नाताळात रडू नये, घराला बरं नसतं. बाळाचा बाप्तिस्माही झाला नाही. ते कुठे गेलं असेल?
— एक आई, कळवा

माझ्या लेकी, तू सही करताना ‘एक आई’ लिहिलंस. तू आई आहेसच. मी तिथूनच सुरुवात करते.

तुला माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, २३ डिसेंबरची रात्र. एका मुलीचं बाळ मृत जन्मलं. मी तिला पुसलं, चादर बदलली आणि वर म्हणाले, “रडू नकोस गं, वय आहे तुझं, पुढच्या वर्षी पेढे घेऊन येशील.” ती भिंतीकडे वळली. पुढे तासभर ती कुणाशी बोलली नाही. आमच्या वॉर्डात एक वयस्कर आया होत्या, आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्या आल्या, तिच्या पायथ्याशी बसल्या, तिचे थंड पाय मांडीवर घेतले आणि बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, “नाव काय ठेवणार होतीस?” तेव्हा ती मुलगी रडली. नाव सांगितलं. मग मावशींनी ते नाव दोनतीनदा उच्चारलं, बाळाला हाक मारावी तसं. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण आगमनकाळ कसा पाळायचा, ते त्या रात्री मला त्यांनी शिकवलं.

म्हणून तुला मी पुढच्या वर्षीचं काही सांगणार नाही. तू नाव ठरवलं होतंस का? ठरवलं असशील तर ते मोठ्याने उच्चार. नवऱ्यालाही उच्चारू दे. तोही बाप आहे, आणि त्याला कुणी विचारलं नसेल.

नाताळात रडू नये, असं सासूबाई म्हणतात. त्यांच्या मनात तुझी काळजीच असेल. पण चर्चचं पंचांग तसं म्हणत नाही. २५ ला जन्म, आणि तीनच दिवसांनी, २८ ला, आम्ही हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा दिवस पाळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या जागी जुन्या करारातली आई राहेल येते. ती आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही, कारण ती मुलं आता नाहीत. मत्तय तिला गप्प करत नाही. ‘देवाची इच्छा’ असंही म्हणत नाही. तिचं रडणं जसंच्या तसं नाताळच्या गोष्टीत ठेवतो आणि पुढे जातो. दोन हजार वर्षं ते तिथेच आहे. यंदा २८ तारीख रविवारी येते, म्हणून चर्चमध्ये मिस्सा पवित्र कुटुंबाच्या सणाचा असेल; त्या बालकांची आठवण आपण मनात करायची. २५ ला चर्चमध्ये जाववलं नाही तर नको जाऊस. २८ ला जा, मागच्या बाकावर बस. एकटीने जायचं नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळव. मी ठाण्याहून कळव्याला येईन, एका स्टेशनाचं तर अंतर आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो तू सगळ्यात शेवटी आणि घाईने लिहिलास. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांबद्दल आमच्या लहानपणी फार कठोर बोललं जाई. आज कॅथलिक चर्चची शिकवण त्या बाळांना देवाच्या करुणेवर सोपवते. सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, आणि ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना मनाई करू नका’ हे येशूचं वचन आहे. त्यांच्यासाठीही तारणाचा मार्ग आहे अशी आशा धरायला या दोन गोष्टी आपल्याला मोकळीक देतात, असं चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिलेलं आहे. हे मी तुझी समजूत काढायला रचून सांगत नाही, तुमच्या फादरांना विचार. आणि बाळाच्या नावाने मिस्सा ठेवायला सांग.

मी लेबर रूममध्ये उभी राहिले आहे, म्हणून मला जे वाटतं तेही सांगते. पोटात असताना तुझ्या बाळाने एकच आवाज सतत ऐकला, तुझ्या काळजाचा. प्रेमाखेरीज दुसरं काही त्याने जाणलंच नाही. देव त्याला ओळखणार नाही, हे मला कधीच पटणार नाही.

घरी तारा लावायचा की नाही, ते तू ठरव. कुलकुल वळायला बोलावतील, जमणार नसेल तर जाऊ नकोस. गव्हाण मांडलीत आणि २५ नंतरही त्यात बाळ ठेवावंसं वाटलं नाही, तर यंदा ती रिकामी राहू दे. आगमनकाळ तुझ्यासाठी जरा लांबला, असं समज.

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. मध्यरात्रीच्या मिस्साला आलो तर चालेल का? काय पाळायचं असतं?
— खारघरचं एक जोडपं

या, जरूर या. वेळ आधी विचारून घ्या. नाव मध्यरात्रीचं असलं तरी पुष्कळ ठिकाणी मिस्सा लवकर सुरू होतो. इतर लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला मात्र येऊ नका, तो आमच्यातल्या दीक्षितांचा संस्कार आहे. त्या वेळी जागेवर शांत बसा. मिस्सा संपल्यावर गव्हाणीपाशी जायला विसरू नका, तिथे सगळ्यांना जागा असते.

प्रश्न : नातवाने यंदा गव्हाणीच्या देखाव्यात लोकल ट्रेन, खाडी, होडी आणि मासळीची पाटी घेतलेली कोळीण ठेवायचं ठरवलंय. सूनबाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात, बायबलात आहे तेवढंच ठेवावं. तुम्ही निवाडा करा.
— एक आजोबा, ऐरोली

आजोबा, बायबलातल्या जन्मकथेत आहे तेवढंच ठेवायचं म्हटलं तर बैल आणि गाढवही उचलावे लागतील. लूक फक्त गव्हाणी सांगतो, जनावरांचं नाव घेत नाही. ती दोघं आली जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथातून, पहिल्या अध्यायातून. तिथे देव म्हणतो : बैल धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. मागी, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले ज्ञानी लोक, किती होते, तेही मत्तय सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन धरली. आणि ते आले ‘घरात’, असं लिहिलंय.

घर म्हटलं म्हणून सांगते. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या जागी लूकने जो ग्रीक शब्द वापरला, तोच तो शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. येशूच्या गोष्टीतला दयाळू शोमरोनी जखमी माणसाला नेतो त्या धर्मशाळेसाठी त्याने दुसरा शब्द ठेवलाय. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की ती नातेवाइकाच्या घरातली पाहुण्यांची खोली असावी. ती भरलेली होती, आणि मरिया-योसेफ घरातल्या माणसांबरोबर राहिले, जिथे रात्री जनावरंही आत बांधत. माझ्या आजीच्या घरी अशीच पडवी होती, पलीकडे गाय आणि अलीकडे आम्ही. थंडीत गाईच्या अंगाची ऊब भिंतीपर्यंत यायची. माझ्या काकूचं पहिलं बाळंतपण त्याच पडवीला लागून असलेल्या खोलीत झालं. आडोशाला पाहुण्यांचं लुगडं बांधलेलं होतं.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिल्यांदा असा देखावा केला, तोही त्या गावातला डोंगर, तिथलं गवत, तिथला बैल आणि गाढव घेऊन. बेथलेहेमला जाऊ न शकणाऱ्या गावकऱ्यांना ती गरिबी डोळ्यांनी दिसावी, एवढाच त्याचा हेतू होता. त्याच्याच पंथाचे चौघे धर्मबंधू शंभर वर्षांच्या आत आपल्या ठाण्यात पोचले आणि १३२१ साली इथेच श्रद्धेसाठी मारले गेले. तेव्हा ग्रेच्चोचा बैल चालतो, तर ऐरोलीची कोळीण का नको? तिच्या पाटीतली मासळी ही तिची भेट. लोकलही राहू दे. फक्त नातवाला विचारा, त्या गाडीतून कोण उतरतंय आणि ते बाळाला काय घेऊन आलंय. त्याचं उत्तर सूनबाईंसमोर येऊ द्या.

माझ्या गव्हाणीत एक जास्तीची बाई आहे. सुईण. शाडूच्या मातीची, मीच केलेली. बायबलात ती नाही. पण बायबलात न घेतलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात योसेफ सुईण शोधायला धावतो, आणि पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत दोन बायका बाळाला अंघोळ घालताना दिसतात. परगावी, पहिलटकरीण, आणि जवळ कुणी बाई नाही, हे माझ्या मनाला सोसत नाही. म्हणून ती तिथे उभी असते, बाह्या सरसावून.

देखावा आता मांडा, पण दोन गोष्टी सांभाळा. मागींना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या कपाटावर ठेवा आणि नातवाला रोज एक वीत पुढे सरकवू द्या. आपल्याकडे यंदा त्यांचा सण ४ जानेवारीच्या रविवारी आहे, तोवर पोचले पाहिजेत. आणि बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका. आमचं बाळ माझ्या आईच्या काळातल्या बिस्किटांच्या डब्यात, कापसात असतं. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा तुटलाय. तो मी सातवीत असताना माझ्या हातून तुटला. बाळ कुणी ठेवायचं यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण व्हायचं. आईने नियम केला : त्या वर्षी घरात जो सगळ्यांत धाकटा, त्याने. तुमच्याकडे नातूच असेल.

हिरवळीसाठी प्लास्टिकचं गवत आणू नका. मातीच्या ताटलीत दोन बोटं माती घाला आणि १२ तारखेला नाचणी पेरा, घटस्थापनेला पेरतात तशी. नाचणी नसली तर गहू चालतो. पाणी ओतू नका, हाताने शिंपडा. पहिले चार दिवस काहीच दिसणार नाही, नातू उकरून बघेल. त्याला बघू द्या, आणि माती पुन्हा वरून सारखी करा.